रोज पाऊण तास उशिरा येणारे प्रेक्षक

पनवेलच्या एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही पाच जणं. मोबाइलवर व्हिडिओ टाकून नाव कमावलेल्या लोकांचे, म्हणजे इन्फ्लुएन्सर लोकांचे, प्रेक्षक मोजणं हे आमचं काम. संख्याशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर मिळालेली ही माझी पहिली नोकरी, आणि ती नक्की कसली आहे हे घरी सांगताना माझी दर वेळी तारांबळ उडायची.

आमचं घर पालीजवळच्या एका खेड्यात. भाताची शेती, आणि वडील कारखान्यात पाळीवर. एकदा जेवताना त्यांनी मला सरळ विचारलं, "तू दिवसभर करतेस काय ते एकदा नीट सांग."

मी म्हटलं, "एखादी कंपनी आम्हाला विचारते, अमुक माणसाला आमच्या मालाची जाहिरात करायला सांगू का? मग आम्ही बघतो, त्याचे व्हिडिओ लोक खरंच बघतात का. बघून थांबतात का, त्यावर काही बोलतात का, दुसऱ्याला पाठवतात का."

"म्हणजे देवळाबाहेरचा पेढेवाला करतो तेच," वडील म्हणाले. "कोण नुसतं बघत पुढे जातं आणि कोण थांबून भाव विचारतं. त्यासाठी कॉलेज कशाला लागतं?"

मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांनी अगदी बरोबर सांगितलं होतं. फक्त पेढेवाल्याला गिऱ्हाइकाचा चेहरा दिसतो. आम्हाला दिसत नाही. आमच्याकडे लाइक, कमेंट आणि शेअर यांची बेरीज, तिला फॉलोअरांच्या संख्येने भागायचं, आणि येईल तो आकडा. त्याला एंगेजमेंट म्हणायचं. तो आकडा चांगला आला तर माणूस चांगला.

दुसरं एक काम असायचं, ते मला जास्त आवडायचं. खोटे प्रेक्षक पकडणं. काही जण पैसे देऊन लाइक विकत घेतात. ते लाइक माणसं देत नाहीत, मशिनी देतात. त्यांना आम्ही बॉट म्हणतो. बॉट एकदम येतात, एकदम जातात, आणि त्यांच्या वागण्यात एक ठोकळेबाजपणा असतो. माणूस ठोकळेबाज नसतो. एक दिवस आठला बघेल, दुसऱ्या दिवशी अकराला बघेल, तिसऱ्या दिवशी बघणारच नाही. हा फरक ओळखण्यात माझा हात बसला होता. त्याचा मला थोडा गर्वही होता, हे कबूल करायला हवं.

एका थंडीत मसाले करणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. त्यांना किहीमपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावरची दहा माणसं हवी होती. आमच्याकडे चाळीसएक जणांची यादी आली. कोणी सुरमईची थाळी दाखवणारा, कोणी नारळाच्या बागेतली कॉटेजं, कोणी समुद्रावर ड्रोन उडवणारा. त्या यादीत शेवटी एक खातं होतं, ते कंपनीच्या मालकांच्या घरी मासळी घालणाऱ्या बाईने सुचवलं होतं म्हणे. खात्याच्या फोटोत माणूस नव्हता, एक होडी होती. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला एक व्हिडिओ. चाळीस सेकंदांचा. त्यात खाडीचं पाणी, पलीकडे तिवरांची हिरवी रांग, आणि काळोख पडत आलेला. बस. खाली लिहिलेलं असायचं, उद्या तृतीया. उद्या चतुर्थी. उद्या पंचमी.

कोणी भाविक बाई पंचांग टाकत असणार, असं मी धरून चालले. ऑफिसात आम्ही व्हिडिओ आवाज बंद करूनच बघायचो. पाच जणांच्या पाच फोनांतून गाणी वाजायला लागली तर डोकं उठतं. शिवाय मोजायला आवाज लागत नाही.

या बाईंच्या व्हिडिओंना लाइक जवळपास नव्हते. कमेंट एकही नाही. आमच्या सूत्रात घातल्यावर आकडा इतका खाली आला की मी तिचं नाव खोडणारच होते. पण एक गोष्ट खटकली. व्हिडिओ चाळीस सेकंदांचा, आणि लोक तो सरासरी ऐंशी सेकंद बघत होते. म्हणजे बघणारा प्रत्येक जण तो दोनदा बघत होता. नावाजलेल्या लोकांचे व्हिडिओसुद्धा कोणी शेवटपर्यंत बघत नाही, हे मला रोजच्या कामातून माहीत होतं. इथे लोक शेवटपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून लावत होते.

आमच्याकडे एक प्रोग्राम आहे, तो दर तासाला आकडे उचलतो. मी सहा आठवड्यांचे आकडे काढले. एक दिवस म्हणजे एक ओळ, एक तास म्हणजे एक चौकट, आणि ज्या तासाला जास्त लोकांनी बघितलं ती चौकट जास्त काळी. असे बेचाळीस दिवस एकाखाली एक लावले आणि पडद्यापासून थोडी मागे सरकून बघितलं.

मी तक्ता पुन्हा एकदा तपासला.

माणसांच्या वागण्याचा असा तक्ता केला की तो शिंतोडे उडाल्यासारखा दिसतो. इथे तीन स्वच्छ तिरक्या पट्ट्या होत्या. व्हिडिओ संध्याकाळी सातला पडायचा, पण गर्दी व्हायची ती दुसऱ्या दिवशी, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊणएक तास उशिरा. आज साडेपाचला, उद्या सव्वासहाला, परवा सातला. असं सरकत सरकत पंधरा दिवसांत पट्टी संध्याकाळपर्यंत पोचायची, मग एकदम उडी मारून पुन्हा सकाळी सुरू व्हायची. आणि प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना गडद, मधे फिकी.

मी सरांना बोलावलं. आमचे सर म्हणजे ऑफिसचे मालक, पण खुर्ची आमच्यातच टाकून बसणारे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघितलं.

"बॉट," ते म्हणाले.

"पण सर, लाइक नाहीत. लाइक नसलेले बॉट कोण विकत घेईल?"

"ते मला नाही माहीत. पण माणसं रोज बरोबर पाऊण तास उशिरा उठत नाहीत. ही शिडी आहे. कोणीतरी मशीन लावून ठेवलंय. काढ तिला."

त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं. तरी काढायच्या आधी, खोलीवर गेल्यावर, मी त्या बाईंचा एक व्हिडिओ पहिल्यांदाच आवाज चालू करून लावला.

खरबरीत, मोठा आवाज. लांबच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला.

"उद्या चतुर्थी. पाणी नवाला तळाला जाईल. साडेसातला उतरा, दहाच्या आत वर. उत्तरेच्या खडपाकडं जाऊ नका, मधी गाळ भरलाय, मांडीपातुर पाय जातो. पोरांना न्हेऊ नका. चला, पाणी बघून पाय टाका."

पुढचा लावला. "उद्या पंचमी. पाणी पावणेदहाला तळाला." त्याच्या पुढचा. "उद्या षष्ठी. पाणी साडेदहाला."

पाऊण तास. पाऊण तास. मी गादीवर उठून बसले.

मी भातशेतीतली मुलगी. समुद्र आमच्यापासून फार लांब नाही, पण शाळेची सहल सोडली तर तिकडे जाणं झालं नाही. भरती एका ठरलेल्या वेळी येते आणि ओहोटी दुसऱ्या ठरलेल्या वेळी, शाळेच्या घंटेसारखी, अशीच माझी समजूत होती. ती रोज सरकते हे मला पंचविसाव्या वर्षी एका एक्सेलच्या तक्त्यावरून कळत होतं. आणि तरी अजून खात्री नव्हती. कोणी वेळा बघून मशीन लावलं असलं तर?

मी त्या खात्यावर निरोप पाठवला, की मी अमुक ठिकाणी काम करते, तुम्हाला भेटायचं आहे. पाच मिनिटांत बोललेला निरोप आला. तोच आवाज. "ये की. रविवारी ये. जेवायलाच ये."

रविवारी मी माणगाव, म्हसळा करत एसटीने निघाले. श्रीवर्धनच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून रिक्षा केली. गाव खाडीच्या तोंडाशी. घराच्या ओट्यावर पन्नाशी ओलांडलेली एक बाई बसली होती, उजवा पाय सरळ लांब केलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला.

"पनवेलची तूच काय?"

"हो मावशी. मूळची पालीकडची."

"मंग देवाजवळची हायेस. बस."

त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा, आणि मग विचारलं, "काय चुकलं का माजं?"

मला फार लाजिरवाणं झालं. तुमचे प्रेक्षक खोटे आहेत असा आम्हाला संशय आहे, हे त्या ओट्यावर बसून कसं सांगायचं? मी लॅपटॉप काढला आणि म्हटलं, "चुकलं काही नाही. तुमचे व्हिडिओ लोक कधी बघतात त्याचं हे चित्र आहे. मला ते समजत नाही, म्हणून आले."

मावशींनी पडदा थोडा आपल्याकडे वळवला. त्यांना एक्सेल माहीत नव्हतं, तक्ता कसा वाचायचा हे मी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी तर्जनी पहिल्या काळ्या पट्टीच्या वरच्या टोकावर ठेवली.

"ही पुनव," त्या म्हणाल्या.

बोट पट्टीवरून खाली घसरत फिक्या भागाशी आलं. "हा भांग. अष्टमी-नवमीचं पाणी. तेवढं ओसरत न्हाय, म्हणून बायका जात न्हाईत." बोट आणखी खाली, जिथे पट्टी पुन्हा गडद होत होती. "ही अवस. उधाणाचं पाणी. लांबपातुर खडप उघडा पडतो." मग उडी मारून दुसऱ्या पट्टीच्या खालच्या टोकावर. "ही परत पुनव."

दोन दिवस मी ज्या चित्राकडे टक लावून बसले होते ते या बाईने हात फिरवून वाचून दाखवलं होतं, घरातलं कालनिर्णय वाचावं तसं.

"हे तुम्ही कसं ओळखलंत?"

"त्यात वळखायचं काय? रोजचंच हाय." मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "हे बघ. तिथीची पाऊणपट करायची. आज अष्टमी. आठाची पाऊणपट किती?"

"सहा."

"सहाला भरती. तिथनं सा तास मोज. बाराला ओहट. झालं. माज्या आईनं सांगितलं, तिला तिच्या आईनं."

मी मनात पटापट करून बघितलं. चतुर्थी, तीनला भरती, नऊला ओहोटी. पंचमी, पावणेचार, पावणेदहा. माझ्या तक्त्यातल्या पट्टीचा तिरपेपणा एका ओळीच्या हिशेबात बसत होता, आणि तो हिशेब शाळा न बघितलेल्या बायका एकमेकींना तोंडी देत आल्या होत्या.

जेवताना मावशींनी बाकीचं सांगितलं. इथल्या बायका ओहोटीला खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडपांवर जातात. खडप म्हणजे पाण्यातला कातळ. त्यावर कालवं चिकटलेली असतात, ती फोडून काढायची. गाळातल्या शिंपल्या वेचायच्या. पाणी तळाला असेल तेवढाच वेळ. एकदा वळलं की ते मागून येतं, गाळातल्या वाटा आधी भरतात, आणि कातळावर वाकलेल्या बाईला कळतही नाही.

"काम करताना मान खाली असती," मावशी म्हणाल्या. "म्हणून एकीनं पाण्यावर डोळा ठेवायचा. आमच्यात ती मी. वीस वर्सं. पाणी वळलं की मी हाळी द्यायची, चला गं वर. मंग गुडघा गेला. डॉक्टर बोलला, आता चिखलात उतरायचं न्हाय. बायका येऊन बसल्या इथं ओट्यावर. मावशे, आता हाळी कोण देणार?"

त्यांच्या मुलीने, ती नर्स आहे, तिने हा मार्ग काढून दिला होता. आधी गावातल्याच बायका ऐकायच्या. मग त्यांच्या माहेरच्या, सासरच्या, पलीकडच्या खाडीतल्या. पाणी सगळ्या किनाऱ्याला थोड्याफार फरकाने सारखंच. गाळ कुठे भरलाय हे त्या त्या गावच्या बायका मावशींना फोन करून सांगायच्या आणि मावशी ते सगळ्यांना सांगायच्या.

"पण मावशी, कोणी लाइक का करत नाही? कमेंट का नाही?"

मावशी हसल्या. "हात चिखलात असत्यात गं."

निघताना त्या म्हणाल्या, "आज तुला काय दिसणार? भांग हाय. अवसेला ये. तेव्हा बघ."

सरांना मी सोमवारी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मसालेवाल्यांना "एका बाईंनी सांगितलं" असं लिहून चालणार नव्हतं. "डोळ्यांनी बघून ये," ते म्हणाले. "माणसं दिसली तर माणसं."

अमावास्येला मी दुपारी अडीचलाच पोचले. आदल्या संध्याकाळी मावशींनी सांगितलेलं होतं, पाणी सव्वापाचला तळाला. मावशींनी मला त्यांच्या धाकट्या जावेच्या हवाली केलं आणि बजावलं, "तिच्या पावलावर पाऊल टाक. इकडं तिकडं बघत बसू नको."

साडेतीनच्या सुमाराला आम्ही बंदराच्या धक्क्याजवळ आलो. तिथे तीसेक बायका जमल्या होत्या. लुगडी गुडघ्याच्या वर खोचलेली, कोणाच्या अंगात नवऱ्याचा शर्ट, पायात जुने बूट किंवा फाटके मोजे, कालवं पाय कापतात म्हणून. डोक्यावर टोपल्या. आणि प्रत्येकीच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन.

समोरची खाडी मी आठवड्यापूर्वी भरलेली बघितली होती. आता तिथे पाणी नव्हतं. जिथे होड्या तरंगत होत्या तिथे त्या कुशीवर निजल्या होत्या, आणि त्यांच्यापलीकडे लांबच लांब चकचकीत राखाडी गाळ, त्यात वळणं घेत गेलेले ओहोळ, आणि अगदी टोकाला, जवळजवळ समुद्रातच, कातळांची काळी रांग. एवढी जमीन रोज दोनदा पाण्यातून वर येते आणि दोनदा जाते, आणि मी त्याच जिल्ह्यात जन्मून हे कधी बघितलं नव्हतं.

बायकांची बडबड चालली होती. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या भावजयीचं. मग कोणी काही न सांगता ती कमी होत गेली. एकीने पिशवीवरूनच अंगठ्याने फोन चाळवला. दुसरीने. मग सगळ्यांनी.

आणि तीस फोनांतून मावशींचा आवाज आला.

सगळे एकाच क्षणी सुरू झाले नव्हते. एकीचं "उद्या अवस" होईपर्यंत दुसरीचं "सव्वापाचला तळाला" चाललेलं, तिसरीचं "दक्षिणेच्या अंगानं जा". आरतीला मागच्या रांगेतली माणसं जरा मागून म्हणतात तसं ते सगळं एकात एक मिसळत होतं. बायका मान वाकवून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी ते पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना एक म्हातारी ओठ हलवून पाठ करत होती.

ऐंशी सेकंद. माझ्या तक्त्यातली एक काळी चौकट माझ्यासमोर चिखलात उभी होती, आणि तिला पाय होते.

मला तेव्हा हेही उमगलं की हे एवढंच नाही. या क्षणी पलीकडच्या खाडीवर, त्याच्या पलीकडच्या, मुरूडकडे, दिवेआगरकडे, जिथे जिथे कातळ उघडे पडत होते तिथे बायका अशाच धक्क्यांवर उभ्या होत्या आणि हाच आवाज ऐकत होत्या. चंद्र ओढत होता तसं पाणी जात होतं, पाणी जात होतं तशा बायका उतरत होत्या, आणि त्या सगळ्याची रेघ पनवेलला माझ्या टेबलावर उमटत होती. मी दोन वर्षं प्रेक्षक मोजत होते. प्रेक्षक म्हणजे काय हे मला त्या दिवशी दिसलं. माझे डोळे भरून आले, आणि धाकट्या जावेने विचारलं, "काय गं, घाबरलीस?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग चल. पाणी थांबत न्हाय."

मी त्यांच्याबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत गेले. एकदा उजवा पाय पोटरीपर्यंत रुतला, दोन बायकांनी मला दोन्ही काखांना धरून उपटून काढलं आणि पोटभर हसल्या. त्या कातळावर पोचल्यावर मी लांबून बघत राहिले. टोकदार हत्यारांचा टकटक आवाज वाऱ्यावर येत होता. कोणीही मान वर करत नव्हतं. पावणेसहाला एकीने फोनात बघितलं आणि हाक दिली, आणि सगळ्याजणी एकदम उठल्या. आम्ही धक्क्यावर चढलो तेव्हा मागच्या ओहोळात पाणी आलेलं होतं. कधी आलं ते मी बघत असूनही मला कळलं नाही.

मी रिपोर्ट लिहिला. फोटो जोडले, तक्ता जोडला, तिथीची पाऊणपट जोडली. सरांनी तो दोनदा वाचला आणि तसाच मसालेवाल्यांना पाठवला. "मी बॉट म्हटलं होतं ते कोणाला सांगू नकोस," एवढंच बोलले.

मसालेवाले खूश झाले. एवढ्या लक्षपूर्वक ऐकणाऱ्या बायका, आणि त्या सगळ्या रांधणाऱ्या! त्यांनी मावशींना विचारायला लावलं, की व्हिडिओत सुरुवातीला दोन वाक्यं आमच्या मसाल्याबद्दल बोलाल का. मी फोन केला. मावशी म्हणाल्या, "बोलून बघू. गुडघ्याची औषधं काय फुकट मिळत न्हाईत."

तो व्हिडिओ पौर्णिमेच्या संध्याकाळी पडला. आधी मसाला, मग पाणी. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात आले तर सर जवळजवळ नाचत होते.

"बघ, बघ! कमेंट! अडुसष्ट कमेंट! त्या बाईला जन्मात एक कमेंट नव्हती. एंगेजमेंट कुठल्या कुठे गेलं!"

सूत्रात घातलं तर खरंच तो मावशींचा आजवरचा सगळ्यात यशस्वी व्हिडिओ होता. मी कमेंट वाचायला घेतल्या.

आधी पाणी सांग. मावशे पाणी सांग आधी. मसाला नंतर, इथं चिखलात उभ्या हाव. पाणी कधी? वेळ कुठं हाय? मावशी बरी हायेस ना? अडुसष्टच्या अडुसष्ट तशाच. काहींनी चिखलाच्या बोटांनी लिहिलं असणार, कारण निम्मे शब्द अर्धवट होते.

मी सरांसमोर त्या एकेक वाचून दाखवल्या. पाचव्या-सहाव्या कमेंटला त्यांचा चेहरा उतरला. "बस," ते म्हणाले. खुर्चीत बसून त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं. "आपलं सूत्र याला यश म्हणतंय."

"हो सर."

मी मावशींना फोन लावला. उचलल्या उचलल्या त्या म्हणाल्या, "आत्ताच काढला गं मी तो. सकाळी आठला बायका ओट्यावर आल्या भांडायला. धाकटी जाऊ तर बोलायचीच थांबली हाय." नवा व्हिडिओ त्यांनी तेव्हाच टाकला होता, नुसता पाण्याचा.

"मावशी, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला."

"तुज्यामुळं कशाला? मीच हो बोलली. त्यांना सांग, मला न्हाय जमत. मसाला चांगला असंल. पण ते ऐकाया कोण येत न्हाय इथं."

मसालेवाल्यांनी सुरमईची थाळी दाखवणारा घेतला, आणि तो त्यांना चांगलाच लाभला. आमच्या ऑफिसात एक बदल झाला. रिपोर्ट पाठवायच्या आधी आता आम्ही कमेंट नुसत्या मोजत नाही, वाचतो, आणि बघणाऱ्यांपैकी दोन-चार जणांना फोन करतो. वेळ जातो. सर कुरकुरतात, पण बंद करा म्हणत नाहीत.

मावशींचं खातं आमच्या प्रोग्रामातून काढायला हवं होतं, काम संपलं होतं. मी काढलं नाही. पावसाळ्यात व्हिडिओ बंद झाले. खाडीला लाल पाणी, कातळांवर कोणी जात नाही. तीन महिने ओळींमागून ओळी कोऱ्या. नारळी पौर्णिमा झाली तरी कोऱ्याच. मग एका संध्याकाळी फोन वाजला. उद्या चतुर्दशी. पाणी साडेचारला तळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुसऱ्याच कोणाचा तरी रिपोर्ट करत होते, पण तो तक्ता बाजूला उघडून ठेवला होता. तीन वाजले, चौकट कोरी. पुढचा आकडा चारला यायचा होता. मी उगाच पाणी प्यायले, खिडकीशी जाऊन आले. चारला चौकट काळी झाली. एवढी गडद मी आधी बघितली नव्हती. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "काय गं, एकटीच काय हसतेस?"

"ये, तुला काहीतरी दाखवते," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.